फुप्फुसांचे इंजेक्शन आणि पूर्ण दिवसांचे बाळ

एकतिसाव्या आठवड्यात पोटात कळा येऊ लागतात. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर तपासतात, कळा थांबवण्याची औषधे सुरू होतात आणि नर्सताई एक इंजेक्शन देतात. 'बाळाच्या फुप्फुसांसाठी आहे,' एवढेच घरच्यांना कळते. बारा-बारा तासांनी अशी चार इंजेक्शने होतात. दोन दिवसांत कळा थांबतात, बाई घरी जाते आणि पुढे एकोणचाळिसाव्या आठवड्यात तीन किलोचे, खणखणीत रडणारे बाळ जन्माला येते. सगळे आनंदात. त्या चार इंजेक्शनांची आठवण कोणालाच राहत नाही.

गेल्या काही वर्षांत संशोधकांनी नेमका याच बाळांचा माग काढायला सुरुवात केली आहे. औषध दिले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मेल या धास्तीने; प्रत्यक्षात बाळ जन्मले पूर्ण दिवसांचे. म्हणजे ज्या फायद्यासाठी औषध दिले तो फायदा त्याला मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. मग त्या औषधाने त्याचे काही बिघडले का?

उत्तराकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. हे इंजेक्शन वाईट नाही. प्रसूतिशास्त्रातल्या ज्या थोड्या औषधांनी खरोखर लाखो बाळे वाचवली, त्यांत याचा क्रमांक फार वरचा आहे. आणि हे स्टेरॉइड म्हणजे व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी चोरून घेतले जाते ते नव्हे. ते पुरुषी संप्रेरकांच्या कुळातले. इथे वापरली जातात ती डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही औषधे आपल्याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमध्ये तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलची भावंडे आहेत, फक्त कितीतरी पटींनी जोरकस.

बाळाच्या फुप्फुसात सूक्ष्म वायुकोश असतात. श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला साबणासारखा एक पातळ थर लागतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत तो पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास नव्याने फुगा फुगवावा तसा ओढावा लागतो. काही तासांत ते दमते. अमेरिकेच्या मेरी एलेन एव्हरी यांनी १९५९ मध्ये या आजाराचे मूळ सरफॅक्टंटच्या अभावात आहे हे दाखवले. पण कारण कळले म्हणून उपाय सापडला असे नव्हते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर हाताशी असून काही करता आले नाही.

उपाय मिळाला तो मेंढ्यांच्या गोठ्यात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स हे कळा नेमक्या कशाने सुरू होतात याचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी मेंढीच्या पोटातल्या पिल्लाला स्टेरॉइड दिले. पिल्ले फार लवकर जन्मली, ती जगायला नको होती. पण श्वास घेत राहिली आणि त्यांच्या फुप्फुसांत हवा भरलेली आढळली. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना बरोबर घेऊन २८२ मातांवर चाचणी केली. १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्वासाचा त्रास झालेल्या बाळांचे प्रमाण २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले होते आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर. असे आकडे वैद्यकशास्त्रात क्वचित दिसतात. तरीही जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना ते पटायला वीसेक वर्षे गेली, ही वेगळीच खेदाची कथा.

आता भारतात २०१४ पासून सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होण्याची चिन्हे दिसली तर आईला डेक्सामेथासोनची सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा तासांच्या अंतराने द्यायची. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस उपकेंद्रातल्या एएनएमनेही द्यायला मुभा आहे. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वाधिक. अशा देशात काही रुपयांच्या इंजेक्शनाचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण भविष्य वर्तवण्याची आहे. कळा आल्या म्हणजे बाळंतपण होणारच असे नसते. मुदतीआधी कळा घेऊन आलेल्या बऱ्याच जणींच्या कळा आपोआप शमतात. योनीमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाची लांबी मोजली तर अंदाज सुधारतो, पण रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात ती सोय कुठून असणार? आणि इंजेक्शनाचा पूर्ण फायदा मिळतो तो साधारण एक दिवसानंतर ते सात दिवसांपर्यंत. उशीर केला आणि बाळ जन्मले तर डॉक्टरांच्या मनाला टोचणी. घाई केली आणि बाळ जन्मलेच नाही तर निदान त्या दिवशी तरी कोणाचे काही बिघडत नाही. कोणताही सुज्ञ डॉक्टर घाईच्या बाजूने झुकेल. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकरच्या आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ४० टक्के पुढे पूर्ण दिवसांची जन्मली होती.

या बाळांविषयी सर्वांत ठोस माहिती फिनलंडहून आली. तिथे प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक आजाराची राष्ट्रीय नोंद होते. आपल्याकडच्या संशोधकांना हेवा वाटावा अशी. २००६ ते २०१७ या काळात जन्मलेल्या ६ लाख ७० हजार मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडण्यात आले. १४,८६८ मुलांना पोटात असताना स्टेरॉइड मिळाले होते आणि त्यातली ४५ टक्के मुले पूर्ण दिवसांची होती. पूर्ण दिवसांच्या मुलांपुरते पाहिले तर स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ८.८९ टक्के मुलांना बालपणी मानसिक किंवा वर्तनविषयक निदान झाले होते. न मिळालेल्यांत हेच प्रमाण ६.३१ टक्के होते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये मात्र इतर घटकांचा हिशेब केल्यावर असा फरक उरला नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. शंभर मुलांमागे अडीच मुलांचा फरक. म्हणजे इंजेक्शन मिळालेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांत असे कोणतेही निदान झालेले नव्हते. शिवाय ज्या आईला एकतिसाव्या आठवड्यात कळा आल्या, रक्तस्राव झाला किंवा जंतुसंसर्ग झाला, तिचे गर्भारपण इतरांसारखे नव्हतेच. मग दोष इंजेक्शनाचा की ज्या कारणासाठी ते दिले त्याचा? संशोधकांनी एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाला इंजेक्शन मिळालेले, दुसऱ्याला नाही. तेव्हाही फरक टिकला. त्यामुळे घराणे, पैसा, आईबापांचे शिक्षण ही कारणे मागे पडतात. पण त्या एका गर्भारपणातल्या गुंतागुंतीचा वाटा यातूनही वेगळा काढता येत नाही. हा अभ्यास पुरावा म्हणून वजनदार आहे, शेवटचा निवाडा म्हणून नाही.

तसा संशय घ्यायला शरीरशास्त्रातही आधार आहे. आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल बाळापर्यंत फारसे पोहोचू नये अशी व्यवस्था निसर्गाने वारेत केलेली आहे. तिथले एक विकर कॉर्टिसॉलला निष्क्रिय करते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन या पहारेकऱ्याला चुकवून आत जातात. म्हणून तर ती निवडली गेली. बाळाच्या स्वतःच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते ते दिवस भरत आल्यावर. ते अवयवांना सांगते की आता वाढ पुरे, काम शिकायला लागा. फुप्फुसांना हा निरोप लवकर मिळाला की बाळ वाचते. पण निरोप एकट्या फुप्फुसांना जात नाही, मेंदूलाही जातो. मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागात कॉर्टिसॉल ओळखणारी केंद्रे भरपूर असतात आणि त्या आठवड्यांत तिथे पेशींची वाढ जोरात चाललेली असते. बाळ लवकर जन्मणारच असेल तर हा व्यवहार सरळ फायद्याचा आहे, कारण प्राणवायूची कमतरता मेंदूला याहून कितीतरी जास्त इजा करते. बाळ आणखी आठ आठवडे पोटात राहणार असेल, तर हिशेब बदलतो. २०२२ मध्ये साडेबारा लाख मुलांवरच्या तीस अभ्यासांचा आढावा निघाला, त्यातही असेच चित्र होते. फार लवकर जन्मलेल्यांत स्टेरॉइडमुळे मेंदूविषयक दोष कमी झालेले; उशिरा आणि पूर्ण दिवसांनी जन्मलेल्यांत ते थोडे वाढलेले.

डोस पुन्हा पुन्हा दिल्यास काय होते, हे कॅनडाच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीतून कळले. दर चौदा दिवसांनी इंजेक्शन दिलेल्या मातांची बाळे वजनाला, लांबीला आणि डोक्याच्या घेराला थोडी लहान भरली. फायदा मात्र एका कोर्सहून जास्त झाला नाही. पाच वर्षांनंतर या मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा एकंदरीत फरक नव्हता, पण पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या गटात मेंदूविषयक अडचणी जास्त आढळल्या. 'आणखी एकदा देऊन ठेवू' ही सवय अजूनही काही ठिकाणी दिसते. ती सुटायला हवी.

आतापर्यंतची बाळे अपघाताने पूर्ण दिवसांची झाली. दुसरा गट असा आहे, ज्यांना दिवस भरल्यावरच जाणूनबुजून हे इंजेक्शन दिले जाते. हे होते ठरवून केलेल्या सिझेरियनच्या आधी. कळा सुरू होण्यापूर्वीच बाळ बाहेर काढले तर त्याच्या फुप्फुसातले पाणी शोषले गेलेले नसते. अशी बाळे धापा टाकतात, एक-दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावी लागतात. ब्रिटनमधल्या दहा रुग्णालयांत ९९८ मातांवर झालेल्या चाचणीत सिझेरियनपूर्वी बीटामेथासोनचे दोन डोस दिले. श्वासाच्या त्रासासाठी विशेष कक्षात दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण ५.१ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये अशी इंजेक्शने द्यावीत अशी शिफारसही पुढे झाली.

हीच मुले ८ ते १५ वर्षांची झाल्यावर संशोधक त्यांच्या शाळांत गेले. शिक्षकांच्या मते अभ्यासात वर्गाच्या खालच्या चतुर्थांशात असणारी मुले स्टेरॉइडच्या गटात १७.७ टक्के होती, दुसऱ्या गटात ८.५ टक्के. पाठपुराव्यात निम्म्याच कुटुंबांनी उत्तरे दिली, हा त्यातला कच्चा दुवा. वर्तन आणि आरोग्याबाबत दोन्ही गटांत फरक नव्हता. तरी एक-दोन दिवसांचा धापांचा त्रास टाळण्यासाठी एवढा धोका पत्करायचा का, हा प्रश्न उभा राहिला आणि ब्रिटनच्या २०२२ च्या सूचनांत ती सरसकट शिफारस उरली नाही.

त्या चाचणीतला सर्वांत उपयोगाचा आकडा वेगळाच होता, आणि त्याची चर्चा कमी झाली. इंजेक्शन न घेता ३७ व्या आठवड्यात सिझेरियन केलेल्या बाळांपैकी ११.४ टक्के बाळांना विशेष कक्षात जावे लागले. ३९ व्या आठवड्यात हाच आकडा १.५ टक्के होता. म्हणजे दोन आठवडे थांबणे हे कोणत्याही इंजेक्शनाहून चांगले औषध ठरते, फुकटचे आणि दुष्परिणाम नसलेले. आपल्याकडे याला विशेष अर्थ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात. वैद्यकीय कारणाने लवकर करावी लागणारी शस्त्रक्रिया निराळी. पण पंचांगात ३७ व्या आठवड्यातला मुहूर्त उत्तम निघाला, आजोबांनी नक्षत्र पाहून तारीख आणली, आणि मग 'फुप्फुसांचे इंजेक्शन देऊन टाकू' असे ठरले, हे चांगल्या शिकलेल्या घरांतही घडते. अशा वेळी डॉक्टरांनी ठामपणे नाही म्हणावे. ग्रहांची सोय बघताना बाळाच्या मेंदूची सोय बघितली जात नाही.

३४ ते ३६ आठवड्यांच्या मधला पट्टा मात्र अजून वादाचा आहे. अमेरिकेत २,८३१ मातांवर झालेल्या चाचणीत श्वासाचा त्रास १४.४ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आला. त्याच वेळी बाळाची साखर कमी होण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. आईला स्टेरॉइड मिळाले की तिची साखर वाढते, बाळ जास्त इन्सुलिन तयार करते, आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो पण इन्सुलिन रक्तात राहते. २०२४ मध्ये याच मुलांचा सहा वर्षांनंतरचा अहवाल आला. बौद्धिक क्षमतेत दोन्ही गटांत फरक नव्हता. हा दिलासा मोठा आहे आणि फिनलंडच्या आकड्यांनी घाबरलेल्यांनी तोही लक्षात ठेवावा. ऑकलंडच्या पहिल्या चाचणीतली बाळे तिशीत पोहोचल्यावर तपासली तेव्हाही त्यांची बुद्धी आणि हृदय ठणठणीत होते, फक्त इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद किंचित मंद होता.

या सगळ्यात महाराष्ट्राचाही थेट संबंध आहे. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत अशा सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांवर एक मोठी चाचणी झाली. भारतातली केंद्रे होती नागपूर आणि बेळगाव. गावपातळीपर्यंत स्टेरॉइड पोहोचवले तर बाळांचे मृत्यू कमी होतील ही अपेक्षा होती. घडले उलटे. नवजात मृत्यू हजारी २३.९ वरून २७.४ झाले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गही वाढला. इंजेक्शन मिळालेल्या मातांपैकी खरोखर अगदी लहान बाळ झालेल्या जेमतेम १६ टक्के होत्या. बाकीच्यांना औषध गेले, उपयोग झाला नाही. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत पुन्हा चाचणी केली, पण या वेळी आठवडे सोनोग्राफीने नक्की करून आणि नवजात बाळांची काळजी घेण्याची सोय असलेल्या ठिकाणीच. तेव्हा मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. औषधांचे कुळ तेच, आजूबाजूची व्यवस्था वेगळी.

यातून व्यवहारात काय करायचे, तर पहिली गोष्ट पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. तेव्हा आठवड्यांचा अंदाज पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. शेवटच्या तीन महिन्यांत तोच अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. 'गणपतीच्या आसपास पाळी आली होती' एवढ्या माहितीवर ठरवलेला बत्तिसावा आठवडा प्रत्यक्षात छत्तिसावा निघतो, आणि इंजेक्शन नको त्या बाळाला जाते. हा पहिला रिपोर्ट शेवटपर्यंत सांभाळून ठेवावा, माहेरी जाताना बरोबर न्यावा.

दुसरे, २४ ते ३४ आठवड्यांत कळा आल्या, पाणी गेले, रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितले, तर हा लेख दाखवून ते नाकारू नये. त्या क्षणी बाळाचा जीव हा पहिला प्रश्न असतो. विचारायचे ते एवढेच की बाळंतपण येत्या आठवड्यात होण्याची शक्यता किती वाटते. सातव्या महिन्यात काहीही त्रास नसताना, केवळ जुळी आहेत म्हणून किंवा आधीचे बाळ लवकर झाले होते म्हणून 'सावधगिरी' म्हणून इंजेक्शन सुचवले, तर मात्र दुसरे मत घ्यायला हरकत नाही. आईला मधुमेह असेल तर इंजेक्शनानंतर काही दिवस साखर वारंवार तपासावी लागते, ही गोष्ट घरी पाठवताना अनेकदा सांगायची राहते.

दम्यासाठी पंप घेणाऱ्या किंवा ल्युपससारख्या आजारासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेणाऱ्या गर्भवतींनी यातले काही स्वतःला लावून घेऊ नये. प्रेडनिसोलोनचा बहुतांश भाग वारेतला तो पहारेकरी निष्क्रिय करतो आणि पंपातले औषध रक्तात फार थोडे उतरते. ही औषधे घाबरून बंद केली तर दम्याचा झटका आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो.

ज्या मुलांना पोटात असताना ही इंजेक्शने मिळाली आणि जी आज बालवाडीत किंवा शाळेत आहेत, त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या, एमआरआय वगैरे काही करायचे नाही. प्रत्येक मुलाचे बोलणे, ऐकणे, लक्ष देणे जसे पाहतो तसेच पाहायचे, आणि काही मागे वाटले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवताना या इंजेक्शनांचा उल्लेख करायचा. जन्माच्या वेळी मात्र तो उल्लेख आवर्जून व्हायला हवा. शेवटच्या आठवड्याभरात आईला स्टेरॉइड मिळाले असेल तर बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजावे, आणि पहिल्या दिवसात ते थरथरले, सुस्त राहिले किंवा ओढून दूध पीत नसेल तर साखर तपासून घ्यावी. बाळंतपण दुसऱ्या रुग्णालयात होणार असेल तर तिथल्या डॉक्टरांना हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर औषधाचे नाव, डोसांची संख्या आणि तारीख लिहिलेली असणे. कार्डावर लिहिले नसेल तर तिथल्या तिथे नर्सताईंकडून लिहून घ्यावे.